देशी नंबर, परदेशी कॉल: बनावट नंबरांची पार्श्वभूमी

२२ ऑक्टोबर २०२४ रोजी देशात एक नवी यंत्रणा सुरू झाली आणि पहिल्या चोवीस तासांत तिनं सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले. परदेशातून येणारे, पण भारतीय नंबर दाखवणारे जेवढे कॉल त्या दिवशी आले, त्यातले जवळपास ९० टक्के बनावट निघाले. बातमी यशाची म्हणून छापली गेली, आणि ती होतीही. पण तो आकडा वाचल्यावर मला आदल्या दिवसाचा विचार सुटेना. २१ तारखेला हे कॉल कुणाच्या ना कुणाच्या घरात वाजतच असणार.

फोन करणाऱ्याचा नंबर आपल्या स्क्रीनवर कसा येतो, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. तो आपलं नेटवर्क शोधून काढत नाही. कॉल जिथून निघतो ते एक्स्चेंज, म्हणजे फोन जोडून देणारं केंद्र, तो पुढे पाठवतं आणि वाटेतली बाकी सगळी एक्स्चेंज विश्वासानं जशाच्या तशा पुढे सरकवतात. एक्स्चेंज मोजकी होती, बहुतेक सरकारी होती, तोवर या विश्वासाला धक्का लागला नाही. पुढे इंटरनेटवरून फोन लावणं स्वस्त झालं, जगभर लहानमोठ्या कंपन्या कॉल विकू लागल्या आणि नंबराच्या रकान्यात हवं ते लिहिता येऊ लागलं.

मोबाईलच्या सुरुवातीच्या काळात नंबरावरून गाव कळायचं. ९८२० म्हणजे मुंबई, ९८२२ किंवा ९४२२ म्हणजे उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा. जानेवारी २०११ मध्ये नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय आली, जुलै २०१५ पासून ती देशभर कुठेही गेलात तरी लागू झाली, आणि ही ओळख पुसट झाली. मनातली सवय मात्र गेली नाही. दहा आकडी साधा नंबर दिसला की आपलाच कुणीतरी असेल असं वाटतं आणि हात फोनकडे जातो.

देशी नंबरातून परदेशी कॉल येणं आपल्याकडे खरं तर फसवणुकीच्या आधीपासून आहे. रत्नागिरी-रायगडातल्या ज्या घरांतली माणसं आखातात आहेत, त्यांना हे आठवत असेल: फोन दुबईहून, आवाज भावाचा, स्क्रीनवर मात्र भलताच भारतीय नंबर. परदेशातून आलेला कॉल इथल्या फोनवर पोचवण्यासाठी इथल्या कंपनीला दर मिनिटाला ठरावीक रक्कम मिळते. मार्च २०१५ मध्ये ती ४० पैशांवरून ५३ पैसे झाली, तर देशातल्या देशात मोबाईलचा तोच दर १४ पैसे. हा फरक खिशात घालण्यासाठी कॉल इंटरनेटवरून आणायचा आणि सिमकार्डांनी भरलेल्या खोक्यातून ‘लोकल’ करून सोडायचा, असा धंदा उभा राहिला. या खोक्याला सिम बॉक्स म्हणतात. २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यात अशी बेकायदा एक्स्चेंज पकडली गेली होती. तेव्हा चर्चा झाली ती बुडालेल्या महसुलाची आणि देशाच्या सुरक्षेची. फोन उचलणाऱ्या माणसाचा विचार त्यात कुठे नव्हता.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर पोलिसांचे छापे पडले. सातशेहून अधिक जणांची चौकशी झाली, सुमारे ७० जणांना अटक झाली. इथली पोरं अमेरिकेतल्या लोकांना तिथले कर अधिकारी म्हणून धमकावत होती आणि इंटरनेटवरून लावलेले ते कॉल तिकडे अमेरिकी नंबर घेऊन पोचत होते. म्हणजे युक्ती काय आहे, ती किती कमाई करून देते आणि घाबरलेला माणूस किती लवकर पैसे देतो, हे सगळं तेव्हाच आपल्या दारात उघड झालं होतं. अमेरिकेत फसवणुकीसाठी खोटा नंबर दाखवण्याविरुद्धचा कायदा २०१० च्या डिसेंबरात झाला आणि जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना कॉलवर डिजिटल सही, म्हणजे नंबर खरा असल्याची खूण, बंधनकारक झाली. ती सही फक्त इंटरनेट तंत्रावर चालणाऱ्या नेटवर्कमध्ये टिकते. आपल्याकडे टूजी अजून चालू असल्यामुळे तो मार्ग तसाच उचलता येत नव्हता.

मग परदेशातून येणारा प्रत्येक +९१ नंबर सरसकट का अडवला नाही? खरा पेच इथे होता. लँडलाइनच्या बाबतीत तो नव्हता. ०२२ किंवा ०२० चा फोन भिंतीला जोडलेला, तो परदेशात जाऊच शकत नाही. त्यामुळे असे कॉल अडवण्याचे आदेश आधीच निघाले होते. मोबाईल मात्र प्रवास करतो. दापोलीचा माणूस दुबई विमानतळावर उतरतो आणि तेच सिम रोमिंगवर ठेवून घरी ‘पोचलो’ म्हणून सांगतो. तो कॉल परदेशातून येतो, भारतीय नंबर दाखवतो आणि शंभर टक्के खरा असतो. सरसकट बंदी घातली असती तर पहिला फटका त्यालाच बसला असता.

कुठला ग्राहक सध्या परदेशात आहे हे प्रत्येक कंपनीला ठाऊक असतं, पण फक्त स्वतःच्या ग्राहकाबद्दल. कॉल देशात शिरतो तो कदाचित दुसऱ्याच कंपनीच्या दारातून. म्हणून काम दोन टप्प्यांत झालं. आधी प्रत्येक कंपनीनं स्वतःच्या नंबरांचे खोटे कॉल रोखायचे, नंतर मध्यवर्ती यंत्रणेनं इतर कंपन्यांचे नंबर तपासायचे. मोबाईल नंबरांबाबतचे आदेश मे २०२४ मध्ये जाहीर झाले आणि मध्यवर्ती यंत्रणा ऑक्टोबरात आली. काही महिन्यांत अडवल्या जाणाऱ्या कॉलची रोजची संख्या काही लाखांवर उतरली, कारण त्या वाटेनं येण्यात अर्थच उरला नाही. अडचण खरी होती हे मान्य. पण ती कंपन्यांनी एकमेकांना माहिती देण्याची होती, नवं विज्ञान शोधण्याची नव्हती. मधल्या वर्षांत लोकांना फक्त ‘सावध राहा’ एवढंच सांगितलं गेलं आणि सगळं ओझं सत्तरीच्या आजी-आजोबांच्या अंगावर टाकलं गेलं, हे मला आजही पटत नाही.

‘नंबर स्पूफ झाला’ हा शब्द आता कशालाही वापरला जातो. त्यानं गोंधळ वाढतो, म्हणून तो सोडवून घ्यायला हवा. खरं स्पूफिंग म्हणजे नंबर खोटा दाखवला, त्याच्या मालकाला पत्ताही नाही. त्या नंबरावर उलट फोन केलात तर कुणीतरी बिचारा ‘मी केलाच नव्हता’ म्हणतो, आणि तो खरं बोलत असतो. सिम बॉक्समध्ये नंबर खरा असतो, फक्त बोलणारा दूर कुठेतरी बसलेला. तिसरा प्रकार त्याहून अवघड: इथे दुसऱ्याच्या नावावर घेतलेली सिमं कंबोडिया, लाओस, म्यानमारकडे नेली जातात आणि तिथून रोमिंगवर फोन होतात. ऑक्टोबरातली यंत्रणा विचारते, ‘हा नंबर खरंच रोमिंगवर आहे का?’ आणि इथे उत्तर ‘हो’ असंच येतं.

अशा फटी बुजवण्यासाठी इतरही निर्णय झाले. जून २०२४ पासून लागू झालेल्या दूरसंचार कायद्यातल्या कलमांनुसार फोनच्या ओळखीशी छेडछाड करण्याला किंवा फसवून सिम घेण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं गेलं की व्यवहारासंबंधीचे फोन १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरावरूनच करा, जाहिरातीचे १४० वरून. तेव्हा साध्या दहा आकडी मोबाईलवरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याचं बोलणं तिथेच थांबवावं आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर आपण स्वतः फोन करावा. पोलीस किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची तरतूद कुठल्याही कायद्यात नाही.

स्क्रीनवर सिमधारकाचं नाव दाखवण्यावर बराच खल झाला. दूरसंचार नियामकानं (ट्राय) फेब्रुवारी २०२४ मध्ये ही सोय मागणाऱ्यालाच द्यावी असं सुचवलं, दूरसंचार खात्याचं मत ती सगळ्यांना आपोआप मिळावी असं पडलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नियामकानंही ते मान्य केलं. पण हे नाव सिम घेताना भरलेल्या अर्जातलं असतं. भाड्याच्या सिमवरून फोन आला तर हजार-पाचशे रुपयांसाठी कागदपत्रं देणाऱ्या एखाद्या मजुराचं नाव झळकेल, आणि ते आडनाव आपल्याच तालुक्यातलं वाटेल.

परदेशातला कॉल भारतीय नंबर दाखवत आला तर १९६३ वर कळवता येतं. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर लगेच, तासाभराच्या आत, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायला वेळ लागत नाही. एका माणसाच्या नावावर बहुतेक राज्यांत नऊ सिमं असू शकतात. आपल्या नावावर किती चालू आहेत हे ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर दिसतं, आणि ओळखीचा नसलेला नंबर तिथूनच बंद करायला सांगता येतो.