प्रत्येक स्कायलाइन जीटी-आर नसते

जपानी कंपनी निसानच्या गाड्यांबद्दल ‘निसानची स्कायलाइन म्हणजेच जीटी-आर’ हा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. १९५७ साली रस्त्यावर आलेली स्कायलाइन मुळात प्रिन्स या ब्रँडची साधी प्रवासी गाडी होती आणि प्रिन्स कंपनी निसानमध्ये विलीन झाली ती १९६६ मध्ये. जीटी-आर अवतरली १९६९ साली, तीही स्कायलाइनची केवळ एक शर्यतक्षम आवृत्ती म्हणून. १९७३ नंतर ही आवृत्ती थेट १९८९ पर्यंत बंदच होती, स्कायलाइन मात्र या सोळा वर्षांत अखंड विकली जात होती. गोंधळाचे मूळ बहुधा मागच्या चार गोल दिव्यांत असावे, कारण ते साध्या स्कायलाइनवरही दिसत. २००७ च्या जीटी-आरवर तेच दिवे आहेत, पण स्कायलाइन हे नाव नाही.