लिबवेबपीमधील मेमरी दोष (२०२३)

लिबवेबपी या प्रतिमा उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये उघडकीस आलेली गंभीर सुरक्षात्रुटी. सुरक्षात्रुटींच्या सीव्हीई या सार्वजनिक यादीतील नोंदक्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३. खास घडवलेले चित्र ब्राउझरने नुसते दाखवायला घेतले, तरी मेमरीत नको त्या जागी मजकूर लिहिला जाई आणि त्या वाटेने परक्याला आपला कोड चालवण्याची संधी मिळे. काही उतरवून घेण्याची गरज नव्हती, पान उघडले की पुरे. त्रुटीची पहिली नोंद क्रोमच्या नावावर झाली आणि पुढचा बराच गोंधळ त्यातूनच झाला.

वेबपी हा प्रतिमांचा प्रकार गूगलने २०१० मध्ये आणला. जेपीईजी किंवा पीएनजीपेक्षा फाइल लहान होत असल्याने संकेतस्थळांनी तो उचलला. व्हॉट्सॲपचे स्टिकरही याच प्रकारातले. या फाइली वाचणारी लिबवेबपी ही गूगलचीच मुक्त लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, सी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली आहे. राखून ठेवलेल्या जागेच्या आतच लिहिले जाते ना, हे सी स्वतः पाहत नाही. ती जबाबदारी लिहिणाऱ्याची. क्रोम, एज, फायरफॉक्स, ऑपेरा, अँड्रॉइड, लिनक्सची वितरणे असे सगळे हीच लायब्ररी वापरतात.

दोष कुठे होता, हे थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे. चित्राचा एकही बिंदू न गमावणाऱ्या वेबपीत हफमन संकेतन वापरतात. डेव्हिड हफमन यांची १९५२ सालची ही पद्धत: वारंवार येणाऱ्या मूल्याला आखूड संकेत, क्वचित येणाऱ्याला लांब. फाइलमध्ये संकेतांचा तक्ता नसतो. कोणत्या मूल्याचा संकेत किती बिटांचा, एवढेच दिलेले असते आणि त्यावरून वाचणारा प्रोग्राम तक्ता मांडून घेतो. वेगासाठी लिबवेबपी तो दोन पायऱ्यांत मांडते: ८ बिटांपर्यंतचे संकेत पहिल्या तक्त्यात, त्याहून लांब, कमाल १५ बिटांचे, दुय्यम तक्त्यांत. हिरवा, लाल, निळा, पारदर्शकता आणि अंतर (आधीचे बिंदू किती मागून उचलायचे ते) असे पाच तक्ते एकापुढे एक बसतात. त्यांची जागा आधीच हिशेब करून ठरवलेली होती. लाल, निळा आणि पारदर्शकता यांना प्रत्येकी ६३० खाने, अंतराला ४१०, आणि रंगसाठा (नुकतेच आलेले रंग लक्षात ठेवण्याची सोय) वापरलेला नसेल तर हिरव्याला ६५४, एकूण २,९५४.

हा हिशेब बरोबर होता. नीट घडवलेल्या कोणत्याही संकेतसंचाला याहून जास्त खाने लागत नाहीत. पण संच पुरा आहे की अर्धवट, याची खातरजमा तक्ता भरून झाल्यावर होत असे. पहिल्या चार तक्त्यांनी आपापली कमाल जागा पुरेपूर घ्यायची आणि पाचव्याचा संच मुद्दाम अपुरा ठेवायचा, असे केले की पाचवा तक्ता हद्द ओलांडून लिहीत जाई. प्रोग्राम ‘फाइल सदोष’ म्हणून थांबे, तोवर लिहायचे ते लिहून झालेले असे. लासलगावच्या खळ्यावर एका व्यापाऱ्याचा कांदा घसरून शेजारच्याच्या ढिगात मिसळला, तर कोणाचा माल कोणत्या गोणीत गेला याचा ताळमेळ राहत नाही. मेमरीतही शेजारी दुसऱ्याच कामाची माहिती असते आणि ती बिघडते. कोणती माहिती बिघडवायची हे हल्लेखोराला ठरवता आले, की मग ताबा दूर नसतो.

लिबवेबपीवर यंत्राने लाखो वेड्यावाकड्या फाइली मारून पाहण्याची चाचणी अनेक वर्षे चालू होती, तरी हा दोष सापडला नाही. ते समजण्यासारखे आहे. चार तक्ते अगदी काठोकाठ आणि पाचवा नेमका बिघडलेला, असे चित्र योगायोगाने जुळून येणे जवळजवळ अशक्यच. ते कोणीतरी कोड वाचून, हिशेब करून घडवले असणार.

तसे ते घडवलेही गेले होते. ॲपलचा सुरक्षा विभाग आणि टोरंटो विद्यापीठातील, डिजिटल हेरगिरीचा शोध घेणारी सिटिझन लॅब यांनी ६ सप्टेंबर २०२३ रोजी गूगलला हा दोष कळवला. दुसऱ्याच दिवशी ॲपलने आयओएस १६.६.१ काढले आणि सिटिझन लॅबने ‘ब्लास्टपास’ हा हल्ला जाहीर केला: वॉशिंग्टनमधील एका नागरी संस्थेच्या कर्मचाऱ्याच्या आयफोनवर, त्याने कुठेही बोट न लावता, एनएसओ ग्रुप या इस्रायली कंपनीचे पेगासस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर पोहोचवण्याचा प्रकार. त्यातील ॲपलच्या प्रतिमा-घटकाचा दोष आणि लिबवेबपीचा दोष यांचे मूळ एकच, असे अभ्यासक मानतात. क्रोमची दुरुस्त आवृत्ती ११ सप्टेंबरला आली (११६.०.५८४५.१८७), फायरफॉक्सची १२ तारखेला. लिबवेबपीच्या १.३.२ आवृत्तीत तक्त्याला किती जागा लागेल ते आधी मोजले जाते आणि मगच लिहिले जाते.

मात्र नोंदीत ‘क्रोम’ असल्यामुळे अनेकांनी क्रोम अपडेट करून विषय संपवला. संगणकावरील कितीतरी ॲप्स, उदाहरणार्थ सिग्नल, स्लॅक, डिस्कॉर्ड, पोटात आपला स्वतंत्र ब्राउझर-गाभा आणि त्याच्यासोबत लिबवेबपीची स्वतःची प्रत बाळगून असतात. क्रोम बदलल्याने त्या प्रती बदलत नाहीत. २५ सप्टेंबरला गूगलने लायब्ररीच्या नावाने दुसरा क्रमांक घेतला, त्याला १० पैकी १० तीव्रता दिली गेली, आणि दुबार नोंद म्हणून तो लगेच मागे घ्यावा लागला. एवढ्या मोठ्या यंत्रणेकडून हा घोळ शोभणारा नव्हता. अँड्रॉइडसाठी दुरुस्ती ऑक्टोबरच्या सुरक्षापत्रकात आली. पण ज्या फोनला कंपनी अपडेट देणे थांबवते, त्याच्यापर्यंत असे पत्रक पोहोचत नाही.

नाशिकमध्ये त्या दिवसांत बोलणे होते ते वेगळ्याच गोष्टीचे. केंद्राने ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले होते, १९ सप्टेंबरला गणपती बसले आणि २० तारखेपासून जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. बाप्पाचे स्टिकर मात्र गटागटांतून फिरतच होते. अशा त्रुटीचा खरा प्रश्न पडतो तो सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आसपासच्या, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांसारख्या ठिकाणी. एकाच संगणकावर सातबारा, महाडीबीटीचे अर्ज, प्रवेशपत्रे. गिऱ्हाईक व्हॉट्सॲप वेबवर फोटो पाठवते, पुढचे पेन ड्राइव्ह काढून देते. टॅब इतके उघडे असतात की ब्राउझर बंद करायला कोणी धजत नाही. अपडेट आपोआप उतरते खरे, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जुनाच कोड चालू राहतो. कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून ‘मदत’ आणि तिथून ‘गूगल क्रोमविषयी’ उघडले की आवृत्ती दिसते आणि ‘रीलाँच’चे बटणही.

विंडोज ७ असेल तर तेही पुरत नाही. त्यावर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. ११६ बसवताच येत नाही. फायरफॉक्सच्या दीर्घकालीन शाखेतील ११५.२.१ मध्ये मात्र ही दुरुस्ती होती आणि ती विंडोज ७ वर चालत असे.

दिलासा देणारी एक बाब अशी, की क्रोम चित्रे उघडण्याचे काम बंदिस्त प्रक्रियेत करतो; तिथून बाहेर पडून संपूर्ण संगणक ताब्यात घ्यायला सहसा दुसरा दोष जोडावा लागतो. क्रोमियम प्रकल्पाच्या स्वतःच्या पाहणीनुसार त्यातील सुमारे ७० टक्के गंभीर सुरक्षादोष मेमरीच्या हाताळणीचेच असतात. म्हणूनच असे भाग रस्टसारख्या, हद्द स्वतः सांभाळणाऱ्या भाषांत लिहिले जाऊ लागले आहेत. फायरफॉक्सने २०१६ मध्ये ४८ व्या आवृत्तीत एमपी४ फाइली वाचणारा भाग रस्टमध्ये आणला होता. लिबवेबपीची दुरुस्ती होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २७ सप्टेंबर २०२३ रोजी क्रोमला पुन्हा तातडीची दुरुस्ती काढावी लागली. या वेळी दोष लिबव्हीपीएक्स या व्हिडिओ लायब्ररीतील व्हीपी८ या व्हिडिओ-प्रकाराच्या संकेतनाचा होता, आणि तोही सी भाषेतील, हद्दीबाहेर लिहिणाराच.