सैतानी पंजा (हार्पागोफायटम)

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील, मुख्यतः कालाहारीच्या वाळूत वाढणारी बहुवर्षायू ओषधी. हार्पागोफायटम प्रोकम्बेन्स हे तिचे शास्त्रीय नाव असून तीळ व मोठे गोखरू ज्या पेडॅलिएसी कुलातील, त्याच कुलात तिचा समावेश होतो. तिची गाठाळ दुय्यम मुळे औषधी आहेत. व्यापारातील बहुतेक माल नामिबियातून येतो. बोट्स्वाना व दक्षिण आफ्रिका यांचा वाटा कमी आहे.

इंग्रजीतील डेव्हिल्स क्लॉ हे नाव मुळाचे नसून फळाचे आहे. फळ काष्ठमय असते व त्याच्या बाहूंना मागे वळलेले आकडे असतात. ते जनावरांच्या खुरांत रुततात. महाराष्ट्रात पडीक जमिनीवर उगवणाऱ्या विंचू किंवा वाघनखी या मूळच्या अमेरिकी तणालाही इंग्रजीत हेच नाव लावतात. त्याच्या फळालाही आकडे असले, तरी ते मार्टिनिएसी कुलातील असून दोहोंच्या औषधी गुणांचा संबंध नाही.

यूरोपीय नोंद विल्यम बर्चेल या इंग्रज वनस्पतिसंग्राहक प्रवाशापासून सुरू होते. त्यांनी 1811–15 च्या प्रवासात ही वनस्पती गोळा केली व 1822 मध्ये अंकारिया प्रोकम्बेन्स या नावाने तिचे वर्णन केले. हार्पागोफायटम प्रजातीत ती 1840 मध्ये आली. औषध म्हणून ती यूरोपात कशी पोचली, याबद्दल मात्र एकवाक्यता नाही. जी. एच. मेनर्ट या जर्मन वसाहतवाल्याने जर्मन नैऋत्य आफ्रिकेतील (आजच्या नामिबियातील) 1904–07 च्या युद्धकाळात एका स्थानिक वैद्याचा उपचार पाहून हे मूळ शोधले, असे बहुधा सांगितले जाते. या कथेचे तपशील मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे आढळतात. ‘शोध’ हा शब्दही येथे गैरलागू वाटतो; कारण सान, नामा व त्स्वाना लोक ताप, अपचन, वेदना व त्वचेच्या जखमा यांवर हे मूळ आधीपासूनच वापरत होते. जर्मनीत त्याचा प्रायोगिक अभ्यास 1950 नंतरच्या दशकात सुरू झाला.

खोल गेलेल्या सोटमुळाला बाजूने फुटलेले, पाण्याने भरलेले कंद म्हणजे दुय्यम मुळे; ती सुमारे 25 सेंमी. लांब व 6 सेंमी. जाड होऊ शकतात. हार्पागोसाइड हे कडू इरिडॉइड ग्लायकोसाइड (साखरेशी जोडलेले वनस्पतिज संयुग), म्हणजे मुळातील मुख्य औषधी घटक, त्यांत सोटमुळाच्या जवळजवळ दुप्पट असते. पाने व खोड यांत ते नगण्य असते. म्हणून सोटमूळ उपटणे दुहेरी तोट्याचे ठरते: हलका माल मिळतो आणि झाड मरते. योग्य पद्धतीत झाडापासून थोडे दूर खणून बाजूचे कंद तेवढे काढतात, सोटमुळाला धक्का लावत नाहीत, खड्डा वाळूने पुन्हा भरतात आणि त्या झाडाला काही वर्षे हात लावत नाहीत. खड्डा उघडा राहिल्यास सोटमूळ सुकते. कंदाच्या पातळ चकत्या स्वच्छ जाळीवर पसरून लगेच वाळवतात. चकत्या जाड राहिल्या किंवा एकमेकींवर पडल्या, तर आतला ओलावा टिकून बुरशी धरते. जमिनीवर वाळवल्यास वाळू चिकटते. नामिबियात ही वनस्पती 1977 पासून संरक्षित असून काढणीस परवाना लागतो.

हार्पागोफायटम झेहेरी ही दुसरी जाती अधिक उत्तरेकडे आढळते. ईलेनफेल्ट व हार्टमान यांच्या 1970 च्या वर्गीकरणानुसार प्रोकम्बेन्सच्या फळाचे सर्वांत लांब बाहू फळाच्या रुंदीपेक्षा मोठे, तर झेहेरीचे आखूड असतात. वाळलेल्या चकत्यांवरून हा फरक कळत नाही. तो रसायनांवरून ओळखावा लागतो. झेहेरीत 8-पॅरा-कूमरॉइल हार्पागाइड या दुसऱ्या इरिडॉइडचे प्रमाण तुलनेने जास्त असते. यूरोपीय औषधिकोश दोन्ही जाती मान्य करतो व वाळलेल्या मुळात किमान 1.2 टक्के हार्पागोसाइडची अट घालतो.

प्रतिऑक्सिडीकारक म्हणजे अँटिऑक्सिडंट गुणाचे श्रेय अनेकदा हार्पागोसाइडला दिले जाते. ते पटत नाही. मुक्त मूलकांना, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंना, निष्प्रभ करण्याची त्याची क्षमता अल्प आहे. याउलट मुळातील ॲक्टिओसाइड, म्हणजेच व्हर्बॅस्कोसाइड, हे फिनॉलिक संयुग व त्याचे समघटक यांच्या रेणूंत कॅटेकॉल गट असल्याने ते हायड्रोजन सहज देऊ शकतात. डीपीपीएच या जांभळ्या मुक्त मूलकावर आधारलेल्या प्रतिऑक्सिडीकारक चाचणीत जांभळा द्रव पिवळा पडतो, तो प्रामुख्याने अशा फिनॉलिक घटकांमुळे. त्यामुळे हार्पागोसाइडवर प्रमाणित केलेल्या अर्काची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता त्या आकड्यावरून ठरत नाही. शिवाय तोंडावाटे घेतलेले ॲक्टिओसाइड फार थोडे शोषले जाते. परीक्षानळीतील निष्कर्ष शरीराला जसाच्या तसा लावता येत नाही.

वेदनाशमनाचा पुरावा यापेक्षा बरा आहे. कंबरदुखीवरील चाचण्यांत रोज 50 ते 100 मिग्रॅ. हार्पागोसाइड देणाऱ्या अर्काने अल्पकाळ आराम पडल्याचे दिसले. 60 मिग्रॅ. मात्रेची तुलना रोफेकॉक्सिब या वेदनाशामक औषधाच्या 12.5 मिग्रॅ. मात्रेशी झाली होती. ते औषध 2004 मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले. यूरोपीय औषध संस्था मात्र केवळ पारंपरिक वापर मान्य करते: सांधेदुखीसाठी दिवसाला 4.5 ग्रॅ. कुटलेले मूळ 500 मिलि. उकळत्या पाण्यात भिजवून तीन वेळा विभागून, तर भूक मंदावल्यास 1.5 ग्रॅ. 250 मिलि. पाण्यात. जठर किंवा आद्यांत्रात (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) व्रण असल्यास ते वर्ज्य आहे. पित्तखडे असल्यास किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. गर्भारपणात ते टाळतात. जुलाब हा नेहमी आढळणारा दुष्परिणाम आहे.