मलबारी चापडा

व्हायपरिडी कुलाच्या क्रोटॅलिनी उपकुलातील, पश्चिम घाटापुरता मर्यादित असलेला विषारी साप. शास्त्रीय नाव क्रॅस्पेडोसेफॅलस मलबॅरिकस. जुन्या पुस्तकांत तो ट्रायमेरेसुरस प्रजातीत सापडतो. टी. सी. जर्डन यांनी १८५४ मध्ये त्याचे वर्णन केले. आंबोली, चोर्ला घाट, आगुंबे अशा धो-धो पावसाच्या जंगलांत ओढ्याकाठची झुडपे, वेली आणि शेवाळलेले खडक ही त्याची बसायची ठिकाणे.

डोके त्रिकोणी, मान बारीक, शेपूट फांदीला विळखा घालणारी. मादी नरापेक्षा मोठी असते, पण मीटरभर लांबीचा चापडा क्वचितच दिसतो. रंगावरून मात्र त्याला ओळखायला जाऊ नये. एकाच ओढ्यावर हिरवा, पिवळा, नारिंगी आणि तपकिरी चापडा सापडू शकतो, आणि ही सारी एकच जात असते.

डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना एकेक खळगा असतो. खळग्यात ताणून बसवलेला अतिशय पातळ पडदा असून त्यातील चेता तापमानातला अत्यंत सूक्ष्म फरक टिपतात. ही माहिती मेंदूत डोळ्यांकडून आलेल्या प्रतिमेशी जुळवली जाते, त्यामुळे काळोखातही नेम चुकत नाही. उंदीर, पक्षी अशा उबदार भक्ष्यासाठी हे ठीक. पण हा साप बेडूक आणि पालीही भरपूर खातो, मग तेथे खळग्याचा काय उपयोग? खळग्याला उष्णता नव्हे, तर भोवतालाशी असलेला फरक कळतो. ओल्या त्वचेचा बेडूक पार्श्वभूमीपेक्षा थंड असला, तरी तो उठून दिसू शकतो.

शिकारीची रीत दबा धरून बसण्याची आहे. एकच चापडा कित्येक दिवस त्याच फांदीवर दिसतो. पावसाळ्यात तो रात्री सक्रिय असतो, कोरड्या ऋतूत फारसा नजरेस पडत नाही. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते.

विष मुख्यतः रक्त आणि ऊती यांवर काम करते. त्यातील धातुयुक्त प्रथिनभंजक विकरे केशवाहिन्यांचे अस्तर पोखरतात, म्हणून दंशाची जागा झपाट्याने सुजते आणि काळीनिळी पडते. फॉस्फोलायपेज विकरे पेशींची आवरणे फोडतात. काही घटक रक्त गोठण्याच्या क्रियेत ढवळाढवळ करतात. माणसाला बहुधा तीव्र वेदना आणि काही दिवस टिकणारी सूज एवढेच भोगावे लागते. मृत्यू फार विरळ. तरीही ‘सौम्य विषारी’ हे त्याला चिकटलेले विशेषण काहीसे फसवे वाटते. नात्यातला कुबडनाक्या चापडा (हिप्नाले हिप्नाले) त्याहून लहान असूनही त्याच्या दंशाने रक्त न गोठणे आणि मूत्रपिंड निकामी होणे असे प्रकार घडले आहेत.

चहा, कॉफी, वेलदोडा यांच्या मळ्यांत दंश बहुधा हाताला होतो, कारण साप पानांच्या उंचीवर बसलेला असतो. जमिनीवरचा कुबडनाक्या पायाला चावतो.

उपचारांतली खरी अडचण ओळखीची आहे. भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर घोड्यांत तयार केले जाते. चापड्याच्या दंशावर त्याचा भरवसा धरता येत नाही, उलट तीव्र ॲलर्जीचा धोका मात्र पूर्ण असतो. तपकिरी मलबारी चापडा घोणस किंवा फुरसे समजला गेला, तर रुग्णाला कुप्यांमागून कुप्या दिल्या जातात आणि गुण येत नाही. केरळात कुबडनाक्याचे दंश बराच काळ फुरशाच्या नावे जमा होत होते. उलटी चूक अधिक महाग पडते: फुरसे चावलेल्याला चापडा समजून प्रतिविष नाकारणे. म्हणून सापाला न मारता, न पकडता, सुरक्षित अंतरावरून सहज जमल्यास छायाचित्र घ्यावे. त्यासाठी वेळ घालवू नये.

जखमेवर चिरा देऊ नयेत, आवळपट्टी बांधू नये. जागच्या जागी ऊती मारणाऱ्या विषात आवळलेला अवयव गमावण्याची भीती वाढते. अंगठी, बांगड्या काढून हात स्थिर ठेवावा आणि रुग्णालय गाठावे. तेथे थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही, तर विष रक्तात भिनल्याचे कळते. ही चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते. बाकी उपचार वेदनाशमन, धनुर्वाताची लस आणि लघवीच्या प्रमाणावर नजर ठेवणे एवढेच. सूज उतरली तरी बोटांचा ताठरपणा काही काळ राहू शकतो.