वकिलाची सनद रद्द करण्यासाठी तक्रार कुठं करायची, कागद कोणते लागतात (सातारा-सांगलीकरांसाठी)

केस हरली की सातारच्या कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "याची सनदच घालवतो". सनद म्हणजे वकिली करायचा परवाना. पण नुसती केस हरली म्हणून कुणाची सनद जात नाही, वकिलाचा सल्ला चुकला तरी जात नाही. लबाडी किंवा अगदीच बेफिकिरी दाखवता आली पाहिजे, आणि तीही कागदावर.

मग कशानं जाते? पक्षकाराचे पैसे खाल्ले, विरुद्ध पार्टीशी संधान बांधलं, खोटी सही किंवा खोटा कागद केला, फी घेऊन तारखांना फिरकलाच नाही, किंवा नुकसानभरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवला. हे शेवटचं आपल्याकडं अपघाताच्या क्लेममध्ये इतकं सर्रास चालतं की लोकांना तो कायदाच वाटतो, "वकिलाचे तीस टक्के" वगैरे. निकालावर किंवा रकमेच्या हिश्शावर फी ठरवायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या (वकिलांवर देखरेख करणारी देशपातळीची संस्था) नियमात सरळ मनाई आहे. तसंच "आधी उरलेली फी भरा, मग फाईल देतो" हे पण चालत नाही, फीसाठी पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २००० सालीच सांगितलंय.

आता तक्रार कुठं. सातारा किंवा सांगलीची वकील संघटना सनद काढू शकत नाही, तिथं फार तर समजूत घालतील. जिल्हा न्यायाधीशांकडं अर्ज देऊन पण सनद जात नाही, खुद्द सुप्रीम कोर्टानं १९९८ मध्ये म्हटलंय की अवमानाची शिक्षा म्हणून कोर्ट सनद काढून घेऊ शकत नाही, तो अधिकार बार कौन्सिलचा. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला आलंय, त्यात सातारा-सांगली दोन्ही येतात, म्हणून बरेच जण विचारतात की तक्रार पण तिकडंच का, तर नाही, ती मुंबईला बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडंच जाते. ग्राहक कोर्टाचा रस्ता मे २०२४ मध्ये बंद झाला, वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.

तक्रार कोण करू शकतं तर मुख्यतः त्या वकिलाचा पक्षकार. समोरच्या पार्टीच्या वकिलावर राग असेल तर जरा थांबा. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आपल्याच बार कौन्सिलच्या एका प्रकरणात सांगितलं की तक्रारदार आणि वकील यांच्यात सहसा पक्षकार-वकील असं नातं असावं लागतं, आणि कौन्सिलला कारण न देता नुसती तक्रार शिस्तपालन कमिटीकडं ढकलता येणार नाही. समोरच्या वकिलानं उलटतपासणीत आपल्याला घाम फोडला हा काही त्याचा गुन्हा नव्हे.

कागदपत्रांत सगळ्यात वजनदार कागद म्हणजे रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची कोर्टानंच ठेवलेली नोंद. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज देऊन रोजनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढा. "वादी व वकील गैरहजर" अशी ओळ लागोपाठ चार तारखांना दिसली तर तुमच्या दहा पानी कैफियतीपेक्षा ती चार वाक्यं भारी पडतात. त्याबरोबर वकीलपत्राची नक्कल (वकिलाचा सनद नंबर बहुतेक तिथंच असतो, महा, मग आकडा, मग वर्ष), फीची पावती, पावती नसेल तर बँक स्टेटमेंट किंवा गुगल पेची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, निकालाची नक्कल, आणि तुमचं ओळखपत्र. रोख पैसे दिले आणि पुरावा काहीच नाही, तर तो मुद्दा तक्रारीत लिहा पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका.

तक्रार मराठीत चालते, त्यासाठी इंग्रजीवाला शोधत बसू नका. दिवाणी अर्जासारखी लिहायची, परिच्छेदाला नंबर, तारखेनुसार घटना, शेवटी सत्यापन म्हणजे कुठला मजकूर स्वतःच्या माहितीचा आणि कुठला ऐकीव ते लिहून सही. शिवीगाळ, जात, घरगुती भानगडी यातलं काही नको. कौन्सिलची फी भरावी लागते, रक्कम ऑफिसला विचारूनच भरा, आणि दोन-तीन जादा संच तयार ठेवा.

पुढं काय होतं, तर वकिलाचं म्हणणं मागवतात, दम असेल तर प्रकरण तीन जणांच्या शिस्तपालन कमिटीकडं जातं, तिथं साक्षी-पुरावे होतात, तुमची पण उलटतपासणी होते. वकिली कायदा १९६१ प्रमाणं वर्षाच्या आत निकाल लागायला हवा, नाहीतर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडं जातं. तक्रार फेटाळणं, ताकीद, ठरावीक काळ सनद निलंबित, किंवा नावच यादीतून काढणं, असा निकाल होतो. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडं अपील, त्यावर परत ६० दिवसांत सुप्रीम कोर्ट. आणि मधेच "मिटवून टाकू, तक्रार मागे घ्या" म्हणून कुणी घरी आलं तर माहीत असू दे, तडजोड झाली एवढ्या एका कारणावर प्रकरण बंद करता येत नाही असा नियम आहे.

या सगळ्यात लोक एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे स्वतःची केस. सनद गेली तरी तुमचा दावा जिवंत होत नाही. गैरहजेरीमुळं दावा काढून टाकला असेल तर तो परत बोर्डावर घ्यायचा अर्ज ३० दिवसांत द्यावा लागतो, उशीर झाला असेल तर सोबत उशीर माफीचा अर्ज, आणि त्यालाही हाच रोजनामा जोडायचा. दुसरा वकील परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांनी उत्पन्नाचा दाखला घेऊन जावं.