नादारचा स्टुडिओ आणि १८७४ चे चित्रप्रदर्शन

पॅरिसमधील बुलव्हार दे काप्युसीन या रस्त्यावर ३५ क्रमांकाच्या इमारतीत १५ एप्रिल ते १५ मे १८७४ या काळात भरलेले चित्रप्रदर्शन. सुमारे तीस कलावंतांनी सरकारी ‘सालों’ प्रदर्शनाचे परीक्षक आणि पारितोषिके यांना बगल देऊन ते आपल्या खर्चाने भरवले. क्लोद मोने, पिसारो, रन्वार, दगा, सिस्ले, सेझान आणि बेर्त मोरिझो ही त्यांतली आज सर्वांत परिचित नावे. दृक्‌प्रत्ययवादाचा (इम्प्रेशनिझम या चित्रशैलीचा) आरंभ या प्रदर्शनापासून धरतात. जागा मात्र एका छायाचित्रकाराची होती. नादारने काही काळापूर्वी सोडलेल्या स्टुडिओत ही चित्रे टांगली गेली.

त्या काळी फ्रान्समध्ये चित्रकाराला नाव आणि गिऱ्हाईक मिळायचे ते सालोंमधूनच. परीक्षकांना पौराणिक वा ऐतिहासिक विषय आवडत. रेखाटन नेमके हवे आणि पृष्ठभाग असा गुळगुळीत हवा की कुंचल्याचा माग दिसू नये. १८६३ मध्ये नाकारलेल्या चित्रांची संख्या इतकी वाढली आणि ओरड इतकी झाली, की तिसऱ्या नेपोलियनने त्यांच्यासाठी वेगळे प्रदर्शन भरवायला लावले. एदुआर मानेच्या चित्रातली, कोटपाटलोणीतल्या पुरुषांशेजारी गवतावर बसलेली नग्न स्त्री लोकांनी तिथेच पाहिली आणि तिची टर उडवली. स्वतःचे प्रदर्शन भरवण्याची कल्पना या तरुण मंडळींत १८६७ पासून घोळत होती. तिच्यामागे उत्साहाने लागलेला फ्रेदेरिक बाझीय १८७० च्या युद्धात, वयाची २९ वर्षेही पुरी होण्याआधी मारला गेला. प्रदर्शन पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

छायाचित्रणाची वाट निराळी होती, पण अडचण त्याच घराण्यातली. लुई दागेर या फ्रेंच संशोधकाची छायाचित्रे काढण्याची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली. त्याच्या आदल्या वर्षाच्या सुमारास त्याने खिडकीतून बुलव्हार द्यू तांप्ल हा वर्दळीचा रस्ता टिपला होता. ती प्रतिमा निरखून पाहावी. झाडे आहेत, छपरे आहेत, धुराडी आहेत, आणि रस्ता ओस पडलेला आहे. कॅमेऱ्यातल्या धातूच्या पट्टीवर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत, तेवढ्यात गाड्याघोडे आणि माणसे निघून गेली. एका कोपऱ्यात बुटांना पॉलिश करून घेत उभा राहिलेला माणूस तेवढा उमटला. जे हलले ते कॅमेऱ्याने पुसून टाकले.

१८५१ मध्ये ओल्या काचपट्टीची पद्धत आली आणि वेळ सेकंदांवर उतरला. काचेवर कलोडियन हे चिकट द्रावण ओतायचे, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. मूळचा व्यंगचित्रकार असलेल्या नादारने (१८२०–१९१०) हे तंत्र घेऊन १८५८ मध्ये बलूनमधून पॅरिस टिपले आणि पुढे विजेच्या दिव्यांवर भुयारांतली छायाचित्रे काढली. तरी छायाचित्र ही कला की नुसते यंत्राचे काम, हा वाद मिटला नव्हता. १८५९ मध्ये छायाचित्रांचे प्रदर्शन सालोंच्याच इमारतीत भरले, पण त्याचे दार वेगळे ठेवले होते. कवी बोदलेरने त्याच वर्षी छायाचित्रणाने शास्त्रांची आणि कलांची दासी म्हणून राहावे असे लिहिले. नादार त्याचा मित्र होता आणि बोदलेरची उत्तम व्यक्तिचित्रे नादारच्याच कॅमेऱ्यातून आलेली आहेत.

१८७४ च्या प्रदर्शनाला तिकीट एक फ्रँक होते आणि ते रात्री आठ ते दहाही उघडे असे. महिनाभरात सुमारे ३,५०० माणसे आली. सालोंची गर्दी लाखांत असे. समीक्षक लुई लरुआने २५ एप्रिलच्या ‘ल शारिव्हारी’ या विनोदी वृत्तपत्रात एका जुन्या वळणाच्या चित्रकाराचे काल्पनिक पात्र योजून खिल्ली उडवली. मोनेने ल आव्हर बंदरातल्या सूर्योदयाच्या चित्राला ‘आंप्रेसियों’ म्हणजे ‘मनावर उमटलेला ठसा’ असे नाव दिले होते. लरुआने तोच शब्द पकडून साऱ्या गटाला चिकटवला. मराठीत आपण ‘दृक्‌प्रत्ययवाद’ म्हणतो. त्यात टिंगलीचा मागमूस उरलेला नाही, पण ‘प्रत्यय’ हा शब्द फार नेमका बसला आहे. या चित्रकारांना वस्तू रंगवायची नव्हती, ती दिसताना डोळ्यांना काय होते ते रंगवायचे होते.

याच प्रदर्शनात मोनेचे ‘बुलव्हार दे काप्युसीन’ होते. या विषयावरची त्याची दोन चित्रे आज आहेत, एक कॅन्सस सिटीत आणि एक मॉस्कोत. दृश्य वरच्या मजल्यावरून दिसणारे आहे. खाली फुटपाथवर गर्दी आहे आणि त्या गर्दीतला प्रत्येक माणूस म्हणजे काळसर रंगाचा एकेक फटकारा. ना चेहरा, ना हात. उजव्या कडेला बाल्कनीतून वाकलेले उंच टोपीवाले चौकटीने अर्धे कापले आहेत, जसे छायाचित्रात कापले जातात. लरुआच्या पात्राला ते फटकारे जिभेने चाटल्यासारखे वाटले आणि रस्त्यावर चालताना मी असा दिसतो काय, असे त्याने चिडून विचारले. वरून, घाईत आणि थंडीच्या उजेडात माणूस तसाच दिसतो. दागेरच्या पट्टीवरून जे निसटले होते, ते मोनेने न थांबवता कॅनव्हासवर आणले. छायाचित्रणामुळे चित्रकारांना वास्तव सोडावे लागले, असे सरसकट सांगितले जाते. ते या चित्रापुढे टिकत नाही. इथे वास्तवाचा आग्रह उलट वाढलेला आहे.

इंग्लंडमध्ये हीच बंडखोरी कॅमेऱ्याच्या बाजूने झाली. कोलकात्यात जन्मलेल्या जुलिया मार्गारेट कॅमेरॉनच्या हाती १८६३ च्या अखेरीस, ४८ व्या वर्षी, पहिला कॅमेरा आला. तिने चेहरे जवळून, मंद उजेडात आणि मुद्दाम धूसर टिपले. छायाचित्रकारांच्या वर्तुळात तो हात कच्चा असल्याचा पुरावा ठरला. फोकस म्हणजे काय आणि योग्य फोकस कोणता हे ठरवण्याचा हक्क कोणाला, असे तिने जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाला १८६४ मध्ये पत्रातून विचारले. स्पष्टता म्हणजे सत्य हे समीकरण सालोंच्या परीक्षकांचेही होते, आणि मोनेच्या दहा वर्षे आधी तिने ते मोडले.

पॅरिसच्या मंडळींनी प्रदर्शनासाठी काढलेली सहकारी संस्था त्याच वर्षी डिसेंबरात बंद पडली. हिशेब केला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या डोक्यावर १८४.५० फ्रँकचे देणे निघाले. तरीही १८८६ पर्यंत आणखी सात प्रदर्शने झाली. माने एकाही प्रदर्शनात आला नाही. त्याने सालोंचे दार ठोठावणे सोडले नाही. मोने, रन्वार, सिस्ले मधूनमधून गळले. आठही प्रदर्शनांत चित्रे मांडली ती एकट्या पिसारोने.