साखर तीच, गाळणी वेगळी

१९८९ साली अमेरिकेत मिनेसोटाच्या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला. दोन भावंडांना टाइप वन मधुमेह आहे (शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही, तो), एकाची किडनी बिघडली, तर दुसऱ्याचं काय? अशा ८३ टक्के भावंडांच्याही किडनीत बिघाड निघाला. पहिल्याची किडनी ठणठणीत असेल, तर दुसऱ्यांत जेमतेम १७ टक्के. गट लहान होता, शिवाय भावंडं एकाच घरात जेवतात हेही खरंच. पण रक्तातच, म्हणजे वारशातच, काहीतरी आहे, ही शंका पक्की झाली.

किडनीत साधारण दहा लाख केशवाहिन्यांचे गुंते असतात. त्यांच्या भिंतीत एक पडदा असतो, इतका पातळ की केसाच्या जाडीत असे दोनशे सहज मावतील. श्रीखंडासाठी दही टांगतो ते फडकं आठवा. पाणी निथळतं, चक्का आत राहतो. इथे चक्क्याच्या जागी अल्ब्युमिन हे प्रथिन. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की हा पडदा जाड होतो. जाड फडक्यातून गळती कमी व्हायला हवी, नाही का? होतं उलटंच. त्याची वीण बिघडते, त्याला बाहेरून कवटाळून बसलेल्या पेशी झडतात आणि अल्ब्युमिन लघवीत उतरतं.

टाइप वनचं प्रमाण जगात सर्वाधिक फिनलंडमध्ये, त्यामुळे या वारशाच्या शोधात हेलसिंकीचे संशोधक पुढे असणं ओघानंच आलं. २०१९ मध्ये त्यांनी इतर देशांतल्या सहकाऱ्यांसह १९,४०६ रुग्णांची जनुकीय माहिती चाळली. सर्वांत ठळक धागा सापडला तो सीओएल४ए३ या जनुकात. गंमत म्हणजे याच जनुकाच्या सूचनेवरून त्या फडक्याचं सूत, म्हणजे टाइप फोर कोलॅजन, कातलं जातं. त्या सुतात ३२६व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी टायरोसिन हे अमिनो आम्ल असेल, तर पडदा तुलनेनं पातळ राहतो आणि किडनीचा आजार कमी आढळतो. हेच जनुक वेगळ्या तऱ्हेनं बिघडलं की अल्पोर्टचा आजार होतो, किडनीबरोबर कानही जातात.

हा फायदा साखर चढी असलेल्यांतच ठळक दिसला. मारच बसत नसेल, तर चिलखत काय करणार?

हे सगळे रुग्ण युरोपीय वंशाचे होते. त्यामुळे पुण्या-नागपूरच्या दवाखान्यात टाइप वनच्या रुग्णासाठी आजही कामाची आहे ती लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी. निदानाला पाच वर्षं झाली की ती दरवर्षी करायची.